बालपणीचा आघात आणि गरोदरपणातील तणाव-संप्रेरके : काय करावे, कोणत्या क्रमाने

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालअत्याचारांविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी त्यासाठी बोलणे झाले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. मारहाणीचे प्रमाण त्याहूनही जास्त, म्हणजे तिघांपैकी दोघे. तेव्हा ५ ते १८ या वयात असलेल्या मुलींपैकी पुष्कळजणी आज प्रसूतिगृहांच्या ओपीडीत नाव नोंदवत आहेत. त्यामुळे आपला अनुभव डॉक्टरांच्या दृष्टीने विरळा नाही. मारहाण, अत्याचार, घरातले व्यसन, दीर्घकाळची उपेक्षा यांपैकी काहीही आपल्या वाट्याला आले असेल, तर गरोदरपणाचे नियोजन पुढील क्रमाने करावे. सुरुवात शक्यतो पहिल्या तिमाहीत करावी.

१. शरीरात काय चालते ते एकदा समजून घ्या

धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. त्यामुळे पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि तिच्या सांगण्यावरून मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. रक्तात ते पुरेसे वाढले की मेंदूला तसा निरोप जातो आणि उत्पादन थांबते. गच्चीवरची टाकी भरल्यावर फ्लोट वर येऊन नळ बंद होतो, तशीच ही व्यवस्था आहे. लहानपणी महिनोन्महिने भीतीत काढलेल्या मुलीच्या शरीरात या फ्लोटची ठेवण बदललेली असू शकते. कुणात तो उशिरा बंद होतो, तर कुणात नळच मंद वाहू लागतो.

दिवस राहिल्यावर या व्यवस्थेत वार सामील होते. ती स्वतःचे सीआरएच बनवते आणि तिचा फ्लोट उलटा चालतो. कॉर्टिसॉल वाढले की वारेतले सीआरएच कमी होण्याऐवजी वाढते. म्हणूनच तिसऱ्या तिमाहीत आईच्या रक्तातले एकूण कॉर्टिसॉल एरवीच्या दुप्पट-तिप्पट होते. ही वाढ प्रत्येक गर्भवतीत होते आणि ती आवश्यक आहे, कारण बाळाची फुप्फुसे पक्व होण्यात तिचा वाटा असतो. शिवाय वारेत एक विकर असते, ते आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलपैकी बहुतांश भाग निष्क्रिय करून टाकते. 'मी रडले की सगळे बाळाला लागते' ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी.

बालपणीच्या आघाताचा या सगळ्याशी संबंध काही अभ्यासांत स्पष्ट दिसला आहे. सकाळी जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल एकदम चढते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात, बालपणी लैंगिक अत्याचार झालेल्या गर्भवतींमध्ये हा चढ गरोदरपण पुढे सरकेल तसा वाढत गेला. २०१६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना बालपणीच्या आघाताचा संबंध वारेतील सीआरएचच्या वाढीशी आढळला. मात्र इतर काही अभ्यासांत कॉर्टिसॉल कमी निघाले, तर काहींत फरकच दिसला नाही. गटाचा कल यावरून सांगता येतो, पण एका स्त्रीविषयी भाकीत करता येत नाही.

सुरुवात पहिल्या तिमाहीत का, याचे उत्तर १९९४ च्या एका भूकंपाने दिले. कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे तो झाला, तेव्हा जवळपासच्या गर्भवतींची पाहणी झाली. ज्यांना नुकतेच दिवस गेले होते, त्यांना त्याचा ताण अधिक जाणवला आणि त्यांची प्रसूतीही तुलनेने लवकर झाली. महिने भरत आलेल्यांना तोच धक्का कमी तीव्र वाटला. गरोदरपण जसे पुढे जाते, तसा शरीराचा तणावाला मिळणारा प्रतिसाद आपोआप मंदावतो. आधाराची गरज म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत अधिक असते, आणि घरचे मात्र पोट दिसू लागल्यावरच काळजी घेऊ लागतात.

२. कॉर्टिसॉलची चाचणी स्वतःहून करून घेऊ नका

प्रयोगशाळांच्या आकर्षक पॅकेजांत ही चाचणी सहज मिळते. गरोदरपणात तिचा अहवाल हमखास गोंधळात टाकतो. या काळात इस्ट्रोजेनमुळे रक्तातले कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि एकूण आकडा फुगतो. सकाळी आठचा आणि संध्याकाळी सहाचा आकडा वेगळा येतो तो निराळाच. अहवालावर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सहसा गरोदर नसलेल्या व्यक्तीची असते. अ‍ॅड्रेनल किंवा पिट्युटरीच्या आजाराची शंका असेल, तर डॉक्टर स्वतः ही चाचणी सांगतील. एरवी तिच्यावरून उपचाराची दिशा ठरत नाही.

मोबाईलवर मिळणाऱ्या बालपणीच्या आघाताच्या गुणतक्त्याचेही तसेच आहे. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हे गुण आले. ते लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी होते. एकेका व्यक्तीचे भविष्य त्यांवरून ठरवू नये, असे पुढे २०२० मध्ये खुद्द अँडा यांनीच लिहिले.

तिसरी गोष्ट 'कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या' गोळ्या आणि चूर्णांची. अश्वगंधा हे त्यातले सर्वांत खपणारे नाव. गरोदरपणात ती डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नये. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे वाक्य घरात कितीही प्रेमाने म्हटले गेले, तरीही.

३. कोणाला, किती सांगायचे ते आधी ठरवा

सगळी हकीकत सांगायची गरज नाही. डॉक्टरांना काळजी घेण्यासाठी एक वाक्य पुरते: 'लहानपणी माझ्यावर अत्याचार झाला आहे. तपासणीच्या वेळी मला त्रास होतो. हात लावण्याआधी सांगावे.' तोंडातून शब्द फुटणार नाहीत असे वाटत असेल, तर ते चिठ्ठीवर लिहून केसपेपरसोबत द्या. सरकारी रुग्णालयात गर्दी असते आणि डॉक्टर बदलत राहतात. तिथे एखाद्या सिस्टरला किंवा समुपदेशकाला आधी सांगून ठेवणे अधिक उपयोगी पडते.

आत एकटीने जायचे असेल तर तसे दारातच सांगा. 'आधी पेशंटशी एकटीशी बोलते' असे डॉक्टरांनीच म्हटले, तर सासूबाईंना किंवा पतीला वावगे वाटत नाही. म्हणून ही विनंती फोनवर किंवा नोंदणीच्या वेळीच करून ठेवावी.

आपली फाईल आणि माता-बाल संरक्षण कार्ड घरात सगळ्यांच्या हाताखालून जाते, ही बाब फार कमी जणींच्या लक्षात येते. त्यावर तपशील लिहू नका अशी विनंती डॉक्टरांना करा. 'तपासणीपूर्वी विचारावे, सोबत स्त्री कर्मचारी असावी' एवढी नोंद पुरते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक उपचारांविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा आपल्याला हक्क आहे. समुपदेशकाकडे गेल्यावर मात्र गोपनीयतेच्या मर्यादा कोणत्या, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. आपले वय १८ च्या आत असेल, तर पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांकडे कळवावेच लागते.

४. आतून होणाऱ्या तपासणीची तयारी करा

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बऱ्याचदा योनिमार्गातून सोनोग्राफी होते. खोलीत अंधार असतो, कमरेखाली कपडे नसतात, पाय वर घेतलेले असतात आणि कोणीतरी म्हणते, 'अंग सैल सोडा, आवळू नका, काही होत नाही.' म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हीच वाक्ये कुणी पूर्वी वेगळ्या हेतूने ऐकवलेली असू शकतात. अशा वेळी छाती धडधडते, हातपाय गार पडतात, कधी मन तिथून निघून गेल्यासारखे बधिर होते. शरीर जुना धोका ओळखत असते, यात आपला दोष नाही.

तयारी अशी करावी. पोटावरून सोनोग्राफी चालेल का, हे आधी विचारावे. अकरा-बारा आठवड्यांनंतर बहुधा चालते. फार लवकर असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबता येईल का, हेही विचारावे. पोटात दुखत असेल किंवा रक्त जात असेल तर मात्र थांबू नये. आतून तपासणी करावीच लागली, तर नळी किंवा उपकरण स्वतःच्या हाताने आत सरकवण्याची परवानगी मागता येते आणि अनेक डॉक्टर ती देतात. 'मी हात वर केला की थांबायचे' असा संकेत आधी ठरवून घ्यावा. चादर मागून घ्यावी. डोळे उघडे ठेवून खोलीतल्या वस्तूंची नावे मनातल्या मनात घ्यावीत: पंखा, कॅलेंडर, सॅनिटायझरची बाटली. श्वास चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, असा चालू ठेवावा. श्वास रोखून धरू नये. तपासणीनंतर लगेच स्कूटरवर बसून ऑफिसला जाऊ नये. अर्धा तास हाताशी ठेवावा.

५. मनाची तपासणी मागून घ्या

रक्तदाब मोजला जातो, वजन मोजले जाते, मनाचे मात्र कोणी विचारत नाही. त्यामुळे ते आपणच मागावे. एडिंबरो प्रसूतिपश्चात नैराश्य प्रश्नावलीत फक्त दहा प्रश्न आहेत. १९८७ पासून ती जगभर वापरली जाते, गरोदरपणातही चालते आणि भरायला पाच मिनिटे लागतात. स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या तिच्या दहाव्या प्रश्नाला 'कधीही नाही' याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

नैराश्याखेरीज आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: जुने प्रसंग नको असताना डोळ्यांसमोर येणे, विशिष्ट जागा किंवा माणसे टाळत राहणे, आणि जराशा आवाजाने दचकणे. या महिनाभराहून अधिक टिकल्या तर आघातोत्तर तणावाची शंका घ्यावी. यावर बोलण्याचे उपचार आहेत आणि ते गरोदरपणातही घेता येतात. जुना प्रसंग तपशिलात उकरायचा की सध्या फक्त मन स्थिरावण्यावर काम करायचे, हे समुपदेशकासोबत ठरवा. सातव्या-आठव्या महिन्यात नव्याने सुरुवात करत असाल, तर माझे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे.

आधीपासून गोळ्या चालू असतील तर दिवस राहिल्याचे कळताच त्या स्वतःहून बंद करू नका. एकदम बंद केल्याने आजार उलटण्याची भीती असते. कोणती ठेवायची आणि कोणती बदलायची, हे मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. सोडियम व्हॅल्प्रोएटसारख्या काही गोळ्या बाळाला खरोखर घातक ठरू शकतात. त्या चालू असतील तर पुढच्या नियमित भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.

जवळपास तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. प्रशिक्षित सामान्य स्त्रियांची मदतही हलक्यात घेऊ नये. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने शेजारपाजारच्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नैराश्यातल्या गर्भवतींना घरी जाऊन आधार देण्याची पद्धत आजमावली आहे.

६. दिवसाला ठरलेली चौकट द्या

कॉर्टिसॉलची लय झोप-जागेपणाशी बांधलेली असते. रोज ठरावीक वेळी उठावे आणि उठल्यावर लवकरच उजेडात यावे. बाल्कनीत, अंगणात, जमेल तिथे. दुपारनंतरचा चहा कमी करावा. न्याहारी चुकवू नये, कारण उपाशीपोटी साखर उतरली की कॉर्टिसॉल चढते. गरोदरपणातले उपासतापास याच कारणासाठी टाळावेत. रोज चालावे. पाचव्या महिन्यानंतर शवासन पाठीवर न करता डाव्या कुशीवर करावे, आणि कपालभाती तसेच कुंभक वर्ज्य समजावेत. वाईट स्वप्नांमुळे झोपेची भीती वाटत असेल तर ते आळसाचे किंवा 'डोहाळ्यां'चे लक्षण मानून सोडून देऊ नका. समुपदेशकाला सांगा, त्यावर नेमके उपाय आहेत.

७. आज घरात सुरक्षित आहात का, हे तपासा

बालपणी हिंसा पाहिलेल्या स्त्रियांना पुढे घरातही हिंसा सोसावी लागण्याची शक्यता अधिक असते, आणि चालू हिंसेत श्वासाचे व्यायाम फारसे काही करू शकत नाहीत. पती किंवा घरातले कोणी मारत असेल, पैसे अडवत असेल, तपासणीला जाऊ देत नसेल, तर हा टप्पा सर्वांत आधी घ्या. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि तातडीच्या वेळी ११२. जिल्ह्यातील 'सखी' वन स्टॉप सेंटर आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचे संरक्षण अधिकारी यांच्याकडेही जाता येते. मुंबईत महापालिका आणि 'सेहत' संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र सुरू केले. रुग्णालयातच असल्यामुळे 'तपासणीला जाते' म्हणून तिथे जाता येते, ही त्याची सर्वांत मोठी सोय.

८. बाळंतपण माहेरी करायचे का, याचा निर्णय स्वतः घ्या

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की बॅग भरायची. ज्या घरात आपल्याला त्रास झाला, ते घर आणि हे माहेर एकच असेल तर काय करायचे, हे रिवाज सांगत नाही. ज्या खोलीचे दार तेव्हा आतून लागत नव्हते, त्याच खोलीत बाळंतिणीची खाट मांडली जाणार असते. त्रास देणारा काका, भाऊ किंवा शेजारी अजूनही संध्याकाळी चहाला येत असतो, आणि आता तो बाळाला मांडीवर घ्यायला मागेल. शेवटच्या तिमाहीतला सर्वांत मोठा ताण अनेकींना लेबर रूमचा नसून या घरात परत जाण्याचा असतो. आईला कल्पना नसते, किंवा असूनही तो विषय निघत नाही.

हा निर्णय पाचव्या महिन्यातच घ्या, म्हणजे सबब शोधायला वेळ मिळतो. खरे कारण सगळ्यांना सांगण्याचे बंधन नाही. 'माझे डॉक्टर इथलेच आहेत, मध्येच बदलू नका म्हणाल्या' हे कारण खरेही असते आणि त्यावर वादही होत नाही. डॉक्टरांना आधी सांगितले तर त्या स्वतः तसे घरच्यांना सांगतील. आईची सोबत हवीच असेल तर तिला आपल्या घरी बोलवा. ते जमत नसेल तर मावशी, मोठी बहीण किंवा विश्वासू मैत्रीण यांच्यापैकी कोण किती दिवस येऊ शकेल, याची यादी करा.

माहेरी जावेच लागले तर तीन अटी आधी ठरवा: झोपायची खोली बदलून हवी, तिला आतून कडी हवी, आणि अमुक व्यक्ती घरात असताना बाळ माझ्याच हातात राहील. तिसऱ्या अटीसाठी घरातले एक तरी माणूस आपल्या बाजूने असावे लागते. तसे कोणीच नसेल तर जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगते. लोक चार दिवस बोलतील.

९. लेबर रूमसाठी एक पान लिहून ठेवा

आठव्या महिन्यात हे पान तयार करा आणि त्याची एक प्रत फाईलला लावा. त्यात फार तर सहा-सात ओळी असाव्यात, कारण कळा चालू असताना लांबलचक कागद कोणी वाचत नाही. सोबत कोण थांबणार, हे सर्वांत वर लिहा. प्रसूतीच्या वेळी आपल्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि भारतातील सरकारी रुग्णालयांनाही स्त्री सोबतीण ठेवण्याची मुभा दिलेली आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा असतो, म्हणून आधी जाऊन विचारा. त्याखाली पुढील गोष्टी असाव्यात: आतून तपासणी करण्याआधी सांगावे, एकाच व्यक्तीने करावी, विद्यार्थ्यांसमोर नको, हातपाय दाबून धरू नयेत, टाके किंवा छेद देण्याआधी विचारावे.

एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दिली जाणारी वेदनाशामक भूल, कुणाला फार मोठा दिलासा वाटते. कुणाला कमरेखालचे बधिरपण असह्य होते. सिझेरियनमध्ये हात बऱ्याचदा पट्ट्याने बांधले जातात, याचीही आधी कल्पना असावी. भूलतज्ज्ञांना सांगितल्यास हे बांधणे टाळता येईल का किंवा पट्टे सैल ठेवता येतील का, ते पाहतील.

३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने पोट कडक होणे, पाणी जाणे, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांतले काहीही झाले तर 'माझ्या मनाचे खेळ असतील' म्हणून थांबू नका. घाबरट म्हणून हिणवल्या गेलेल्या मुली मोठेपणी खरी लक्षणेही लपवून ठेवतात, असे मला वारंवार दिसते.

१०. पुढच्या सहा आठवड्यांची व्यवस्था आधीच लावा

वार बाहेर पडताच तिच्यातून येणारे सीआरएच काही तासांत संपते. मेंदूची स्वतःची यंत्रणा मात्र पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. या काळात मन उतरणे सर्वसाधारण आहे, पण दोन आठवड्यांच्या पुढे ते टिकले तर नाही.

बाळंतिणीच्या मालिशला येणाऱ्या मावशी हा आपल्याकडचा आणखी एक विषय. अनोळखी हात रोज सकाळी अंगभर फिरणे नको वाटत असेल, तर फक्त पाय आणि पाठ चोळून घ्या, अंगावर साडी ठेवा, किंवा मालिश बाळापुरतीच ठेवा. तब्येतीचे काही बिघडत नाही. अंगावर पाजताना शरीर आक्रसत असेल तर दुसऱ्या स्थितीत बसून पाहा, खोलीतली माणसे बाहेर काढा. तरीही जमत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने देता येते, सिस्टर ते शिकवतात.

दीड महिन्याच्या लसीकरणाला बाळाला नेताना एडिंबरो प्रश्नावलीचा कागद सोबत न्या, रांगेत बसल्या बसल्या पुन्हा भरा आणि बाळाची लस झाली की त्याच डॉक्टरांच्या हातात द्या.